पलंगाखालची दूध पावडर

माझ्या पलंगाखाली पत्र्याचा एक मोठा डबा आहे आणि तो दूध पावडरने गच्च भरलेला आहे. याची मला अजिबात लाज वाटत नाही. नेरूळच्या आमच्या सोसायटीत बायका माझ्या मागे मला 'डेअरी' म्हणतात, तेही मला माहीत आहे. म्हणू देत. दूध आलं नाही की याच बाया वाटी घेऊन माझ्या दारात उभ्या असतात.

हे खूळ लॉकडाऊनमधलं. सलग चार दिवस दुधाची गाडी आली नव्हती. आमच्या साताऱ्याकडे सासूला आत्या म्हणतात. माझ्या आत्यांनी गावी चाळीस वर्षं म्हशी सांभाळल्या, त्यांना दुधाशिवाय चहा म्हणजे शिक्षाच. तरी तीन दिवस बिचाऱ्या कोरा चहा प्यायल्या, हूं की चूं नाही. चौथ्या दिवशी कप बाजूला सारला आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं, आज मन न्हाय." मला इतकं लागलं की आत जाऊन दोन भांडी आपटली. माझ्या घरात म्हातारं माणूस चहावाचून बसतं म्हणजे काय! तिथल्या तिथे ठरवलं, ही वेळ परत येऊ द्यायची नाही.

आमचे हे रबाळ्याला कारखान्यात आहेत. त्यांच्या गेटापासून जवळच एक होलसेलवाला बसतो. लॉकडाऊन उठल्यावर मी त्याच्याकडे थडकले आणि दहा किलो पावडर मागितली.

"मॅडम, हॉटेल आहे का तुमचं?"

"नाही, सासू आहे," मी म्हटलं.

माणूस भला होता. सायीसकटची पावडर चवीला भारी, पण तिच्यातलं तूप लवकर खवट होतं. साय काढलेली घ्या, ती टिकेल, असं त्यानेच सांगितलं. तीच घेतली.

पण टिकणार कशी? आमच्याकडे हवा खाडीची. मिठाला दोन दिवसांत पाणी सुटतं, पापड तर तळला तरी ताटात येईपर्यंत मऊ. म्हणून मी एकेक किलोच्या जाड चंदेरी पिशव्या केल्या, हवा दाबून काढली आणि तोंडं गरम इस्त्रीने चिकटवली. त्या नादात ह्यांच्या एका चांगल्या शर्टाला वितळलेलं प्लास्टिक लागलं. शर्ट गेला. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, घरात तेवढीच शांतता. सारसोळ्याची आमची मासेवाली दारात आली होती, तिने माझा हा कारभार पाहिला आणि मान डोलावली. "बरा केलास ताई. आमी पावसाल्याला सुकट भरून ठेवताव, तू दूध ठेव." मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू!

आत्यांनी मात्र नाक मुरडलं. "ही काय पावडर हाय? रांगोळी हाय. तुझी तू पी, मी तोंडाला लावायची न्हाय."

घ्या! जिच्यासाठी एवढा खटाटोप, तिचंच हे बोलणं. पण मीही हट्टी. जुनी पावडर गुलाबजामात, शिऱ्यात संपवायची आणि नवी भरायची, असं वर्षानुवर्षं चालू ठेवलं. मला दुसरं काही नको होतं. आत्यांनी एकदा, फक्त एकदा, त्या दुधाचा चहा प्यावा. बस्स.

मग गेल्या पावसाळ्यात रस्ते तुंबले आणि दूध आलं नाही. सोसायटीच्या ग्रुपवर रडारड सुरू झाली. खोटं कशाला बोलू, मी मनातून खूश झाले. ओढणी खोचली, पलंगाखालून डबा ओढला, झाकण उघडलं.

पिशव्या गायब. डब्यात मोकळी पावडर, ढेकळं ढेकळं झालेली, आणि तिच्यात थरावर थर कडुनिंबाचा सुका पाला!

"आत्या!"

"वरडतीस कशाला? मी घातलाय."

मग एकेक बाहेर आलं. मी उन्हाळ्यात आठ दिवस माहेरी लग्नाला गेले होते. हे ड्युटीवर. आत्यांनी कात्रीने सगळ्या पिशव्या फोडल्या, गच्चीवर जुन्या लुगड्यावर पावडर पसरली, दोन दिवस काठी घेऊन कबुतरं हाकत उन्हात बसल्या आणि गव्हाला घालतात तसा पाला घालून डबा लावून टाकला.

"बंद पिशवीत धान्य घुसमटतंय गं. कीड लागली आसती."

"अहो, ते धान्य नाही! दूध आहे ते!"

"दूध कुठं डब्यात ऱ्हातंय व्हय?"

माझं डोकंच फिरलं. "तुम्हाला नको होतं ना? मग हात कशाला लावलात? तुमच्यासाठीच केलं होतं हे सगळं, तुमच्या चहासाठी! नाहीतर मला काय वेड लागलंय?"

हे मध्ये काहीतरी बोलायला गेले, त्यांनाही गप्प बसवलं.

आत्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "माझ्यासाठी?"

"मग कोणासाठी?"

"मला काय ठावं? मला वाटलं, तुला हौस हाय." मग हळूच म्हणाल्या, "तू जीव लावून भरतीस. नासलं आसतं तर रडली आसतीस. म्हणून वाळवलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी कोणासाठी भरतेय, हे एका शब्दाने सांगितलं नव्हतं. वर आता वयाचं भान न ठेवता तोंड सोडलं होतं. डोळे पुसायला स्वयंपाकघरात गेले आणि तिथे उगाच काय उभं राहायचं म्हणून ढेकळं फोडली, पावडर चाळली, पाल्याचा चुरा निघेल तेवढा काढला आणि दुप्पट आलं ठेचून चहा केला. पाल्याने आपला गुण सोडला नव्हता. ह्यांनी एक घोट घेतला आणि बेसिनकडे धाव ठोकली. मी कसाबसा गिळला, अंगावर काटा आला.

आत्यांनी बशीत ओतला, फुंकर मारली आणि शांतपणे प्यायला लागल्या. पहिली बशी संपली, दुसरीही ओतली.

"टाका हो तो," मी म्हटलं. "जहर झालाय नुसतं."

"झालाय की." त्यांनी तोंड वाकडं केलं, बशी रिकामी केली आणि कप माझ्यापुढे धरला. "आजून हाय का?"