अहलन व सहलन, मुलुंड पूर्व

अरबी भाषा मी माझा मीच शिकलो. शिकवायला कोणी नव्हतं, त्यामुळे चुका काढायलाही कोणी नव्हतं, आणि म्हणून माझी प्रगती फार वेगाने झाली.

कारणही तसंच होतं. आमची मुलगी ऋतुजा मस्कतला फिजिओथेरपिस्ट आहे. मागे तिला तिकडे कावीळ झाली. आम्ही इथे मुलुंडला बसून फोनवर "तेलकट खाऊ नकोस" एवढंच सांगू शकत होतो. प्रत्यक्षात तिला उठवून बसवणारी, पेज भरवणारी, डॉक्टरकडे नेणारी होती तिची घरमालकीण, खदीजाबाई. त्या खदीजाबाई आता नवऱ्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मुलुंडलाच यायच्या होत्या. दवाखान्यात भरती व्हायच्या आधी आम्ही दोघांना जेवायला बोलावलं आणि मी सुनंदाला, म्हणजे बायकोला, जाहीर करून टाकलं, "त्यांचे आभार मी त्यांच्या भाषेत मानणार."

"आधी घरात मराठीत मानून बघा," सुनंदा म्हणाली. "सराव होईल."

मी स्टेशनबाहेरून 'स्वतः शिका' छापाचं एक पुस्तक आणलं. पहिल्यांदा वाटलं, यात शिकायचं काय? अर्ज, वकील, तारीख, जिल्हा, हे सगळे शब्द त्यांच्याकडूनच तर आलेत. म्हणजे अर्धी अरबी मला जन्मतःच येत होती. उरलेल्या अर्धीने माझा जीव काढला.

एकेका अक्षराची चार-चार रूपं. सुरुवातीला एक, मध्ये दुसरं, शेवटी तिसरं, एकटं असलं की चौथं. (अशी माणसं आमच्या सोसायटीच्या कमिटीत आहेत, पण त्यांना निदान ओळखता येतं.) ऱ्हस्व स्वरांसाठी अक्षराच्या वर-खाली ज्या खुणा देतात त्यांना 'हरकत' म्हणतात, आणि शिकाऊ लोकांची पुस्तकं सोडली तर त्या सहसा कोणी लिहीतच नाही. वाचणाऱ्याने आपल्या मनाने समजून घ्यायच्या. माझी हरकत तिथूनच सुरू झाली.

व्याकरण तर विचारूच नका. तीन पुरुष असले की 'तीन' हा शब्द स्त्रीलिंगी. तीन बायका असल्या की पुल्लिंगी. पुस्तक एक असेल तर तो पुरुष, पण पुस्तकं पुष्कळ झाली की सगळी मिळून एक बाई. हे मी सुनंदाला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरोबर आहे. पसारा झाला की आवरायला एक बाईच लागते."

शिवाय द्विवचन. ते टाळण्यासाठी मी शाळेत संस्कृत सोडलं होतं.

उच्चारांचा सराव मी सकाळी गॅलरीत करायचो. त्यात 'ऐन' नावाचं एक अक्षर आहे. ते घशाच्या अशा कोपऱ्यातून काढावं लागतं, जिथपर्यंत मराठी माणूस फक्त उलटीच्या वेळी पोचतो. माझा सराव सुरू झाल्यावर समोरच्या परबकाकू ज्येष्ठमध घेऊन आल्या. "विलास, घसो बसलो काय रे तुझो?"

"नाही काकू, अरबी शिकतोय."

"मगे कोमट पाण्यातून घे," असं म्हणून त्यांनी पुडी माझ्या हातात कोंबली.

जेवणाचा दिवस उजाडला. सुनंदा सकाळपासून सुरमई आणि तांदळाच्या भाकऱ्यांच्या मागे होती. मी दारात रांगोळीने, माझ्या हाताने, अरबीत 'अहलन व सहलन' लिहिलं. म्हणजे सुस्वागतम. उजवीकडून डावीकडे, एकही चूक नाही. या दोन शब्दांत एकही टिंब लागत नाही, म्हणूनच मी ते निवडले होते, कारण अरबीत टिंब हललं की अक्षर बदलतं. मग मी आंघोळीला गेलो.

बाहेर येऊन बघतो तर रांगोळीभर टिंबं. वर, खाली, मध्ये, सगळीकडे. आणि समोरच्या दारात कृतार्थ चेहऱ्याने उभ्या परबकाकू.

"अर्धीच रवली हुती रे. ठिपके मी घातलंय. तुझ्या बायलेक आज येळ खंय?"

मी खाली वाकून वाचलं. 'सहलन'चं 'शहलन' झालं होतं. बाकी जे झालं होतं, ते जगातल्या कुठल्याच भाषेत बसत नव्हतं. पुसायला हात घालणार तोच लिफ्टचं दार उघडलं.

खदीजाबाई हसतमुख, गोल चेहऱ्याच्या. त्यांचे यजमान सलीमभाई काठी टेकत, उंच आणि अबोल. दोघांनी रांगोळी कौतुकाने पाहिली. खदीजाबाईंनी तिचा फोटोही काढला. कशाचा म्हणून काढला, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

सुनंदाला मी आधीच बजावलं होतं, "तू मध्ये बोलू नकोस. माझी लिंक तुटते." तिने ते तंतोतंत पाळलं. मी प्रवास, हवापाणी, तब्येत असे पाठ केलेले प्रश्न एकामागून एक विचारत सुटलो. खदीजाबाई काही बोलायला तोंड उघडत, तोवर माझा पुढचा प्रश्न तयार असे. शेवटी त्या उठल्या आणि सुनंदाच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेल्या. आतून दोघींच्या हसण्याचा आवाज यायला लागला. मला दया आली. बिचाऱ्या खाणाखुणांवर भागवत असणार.

बाहेर मी आणि सलीमभाई. त्यांनी समोरच्या तळलेल्या सुरमईचा मोठा घास घेतला, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"माय," ते म्हणाले.

मी गहिवरलो. ऋतुजाने यांना मराठी शब्द शिकवलाय, आणि परक्या देशात, ऑपरेशनच्या आधी, या माणसाला आईची आठवण येतेय.

"माय... माय," त्यांनी भिंतीच्या दिशेने हात केला. तिथे माझ्या आईचा फोटो होता. मी तो खाली काढला, पुसला, त्यांच्या हातात दिला आणि पुस्तकातला शब्द उच्चारला, "उम्मी." माझी आई.

सलीमभाईंनी फोटो दोन्ही हातांत धरला, आदराने मान झुकवली, आणि मग त्यांना जो ठसका लागला तो थांबेचना. आतून सुनंदा पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली.

"अहो, त्यांना पाणी हवंय."

"पाण्याला 'माउन' म्हणतात. पुस्तकात आहे."

"ते पुस्तकात. त्यांच्याकडे 'माय' म्हणतात. खदीजाताई आतून ऐकून म्हणाल्या."

फोटोशेजारीच पाण्याचा फिल्टर होता, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. खदीजाताईंनी हे सुनंदाला कुठल्या भाषेत सांगितलं, ते मात्र ध्यानात आलं नाही.

जेवणं झाली आणि मी उभा राहिलो. कागद घेतला नाही. ऋतुजाच्या आजारपणात तुम्ही दोघांनी जे केलंत ते आम्हा आईबापांना करता आलं नाही, ती तुमचीही मुलगी आहे, हे घर तुमचं आहे. सगळं द्विवचनात, क्रियापदांसकट. एका 'ऐन'ला माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. ऋतुजाचं नाव आलं तेव्हा खदीजाबाईंनीही ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं. इतक्या महिन्यांच्या घशाचं सार्थक झालं.

निघताना त्या सुनंदाला मिठी मारून म्हणाल्या, "दीदी, मछली की रेसिपी व्हॉट्सॲप करना, भूलना मत."

मी सुनंदाकडे वळलो. "यांना हिंदी येतं?"

"लहानपणापासून. मस्कतच्या बाजारात शिकल्या," सुनंदा म्हणाली. "मी सांगणार होते. पण तुमची लिंक तुटली असती."

लिफ्ट आली. खदीजाबाई माझ्याकडे वळल्या. "भाईसाब, आप इतने दिल से बोले, हमको बहुत अच्छा लगा. कितनी मीठी है आपकी मराठी. बीच में दो-तीन लफ्ज तो बिलकुल हमारी अरबी जैसे थे."

"शुक्रन," मी कसेबसे अरबीत आभार मानले.

"देखो," त्या आनंदाने म्हणाल्या, "यह भी."