चार बोटं उघडी राहिलेली झडप

माझे वडील कालवा खात्यातून निवृत्त झाले, तरी कालवा त्यांच्यातून निवृत्त झाला नव्हता. आयुष्यभर त्यांनी पाटाच्या कडेनं सायकल दामटली, पाण्याच्या पाळ्या लावल्या, पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यांची भांडणं मिटवली. आमच्या घरात गळका नळ खपत नसे. ते कान देऊन ऐकत आणि म्हणत, "पाणी बोलतंय कुठंतरी." मग नळ बंद होईपर्यंत कुणाला जेवण सुचू देत नसत. आई गेल्यावर ते चार महिन्यांसाठी माझ्याकडे इंग्लंडला आले, तेव्हा सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी बर्मिंगहॅमच्या बाजूला एका हॉस्पिटलमध्ये ज्युनिअर डॉक्टर होतो आणि रजिस्ट्रारच्या, म्हणजे वरच्या डॉक्टरच्या, जागेवर डोळा ठेवून बसलो होतो.

ती जागा ज्यांच्या शब्दावर मिळणार होती, त्या आमच्या कन्सल्टंटना, म्हणजे मोठ्या साहेबांना, बोटीचं वेड होतं. अरुंद, लांबलचक बोट. सुटी मिळाली की ते तिच्यातून जुन्या कालव्यांवर हिंडत. कोळशाची वाहतूक कधीच थांबली होती, कालवे गाळानं भरले होते, आणि साहेबांसारखी हौशी मंडळी गमबूट घालून ते स्वतःच्या हातांनी पुन्हा उघडत होती. माझे वडील कालव्यातले, हे माझ्या तोंडून कधीतरी निघून गेलं. साहेब खूश झाले आणि येत्या शनिवारी वडिलांना घेऊन ये म्हणाले. बायकोची त्या दिवशी ड्यूटी होती, म्हणून आम्ही दोघंच गेलो. निघताना मी वडिलांना काळी टोपी घरी ठेवायला सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि टोपी घालूनच गाडीत बसले. माझ्या कुरबुरीला सुरुवात तिथूनच झाली.

ते लॉक त्यांनी पाहिलं, तेव्हाचा त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. लॉक म्हणजे बोटीला पाण्याची पायरी. मधे दगडी हौद, त्याच्या दोन्ही टोकांना लाकडी दारं. वरच्या बाजूच्या झडपा उघडल्या की हौद भरतो आणि बोट वर चढते, खालच्या उघडल्या की रिकामा होतो आणि बोट उतरते. सगळं हातानं चालायचं. लोखंडी हँडल दात्यांच्या चाकाला लावून झडप वर ओढायची आणि दाराला जोडलेली मोठी तुळई पाठीनं रेटून दार फिरवायचं. दोनशे वर्षांपूर्वीचं काम होतं. वडिलांनी दगडांचे सांधे बोटांनी चाचपून पाहिले. बाजूच्या पुलाच्या कडेला, घोड्यांनी ओढलेल्या बोटींच्या दोरांनी खाचा पडल्या होत्या, आमच्या गावच्या विहिरीच्या काठावर पडतात तशाच. त्यांनी एका खाचेत करंगळी घातली, ती पूर्ण आत गेली. "किती जनावरं राबली असतील," एवढंच ते म्हणाले.

लॉकला लागूनच एक बुटकं घर होतं. त्यात एक म्हाताऱ्या बाई राहत. त्यांच्या नवऱ्यानं हयातभर ते लॉक सांभाळलं होतं, आणि तो गेल्यावरही बाईंनी घर सोडलं नव्हतं. साहेब बोट आणायला वरच्या बाजूला गेले, तेवढ्या वेळात बाईंनी वडिलांना मगमधून चहा दिला. वडिलांचं इंग्रजी म्हणजे सरकारी खलित्यांचं इंग्रजी, साध्या बोलण्यालाही ते अर्जासारखी सुरुवात करत. बाईंना ते समजत होतं, इतकंच नव्हे तर आवडतही होतं. पुढे त्यांनी वडिलांना गाव दाखवलं. गाव कसलं, एक चर्च, एक पब, पोस्टातच थाटलेलं एक दुकान आणि नावाड्यांच्या घोड्यांचा जुना तबेला. मी मागून घड्याळ बघत चाललो होतो. ते दोघं मात्र दुष्काळात पाणी कसं पुरवायचं यावर बोलत होते. त्या वर्षी तिथला उन्हाळाही कोरडा होता, आणि बाईंना पाण्याची काळजी होती.

साहेबांची बोट वरच्या दाराशी आली तशी वडिलांनी कोटाच्या खिशातून एक पुडी काढली. बायकोच्या देव्हाऱ्यातलं हळदकुंकू होतं ते. पाळीचं पहिलं पाणी सोडण्याआधी दाराला हळदकुंकू वाहायचं, हा आमच्याकडचा रिवाज. कुणाच्याही हातून तो चुकला तर वडिलांचा पारा चढे. त्यांनी तुळईच्या पांढऱ्या रंगवलेल्या टोकाला अनामिकेनं हळद लावली, कुंकू लावलं, हात जोडले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. साहेब बोटीवरून हसले, ते हसणं चांगलं होतं, पण मला तेही झोंबलं. बाईंनी मात्र हे काय म्हणून विचारलं आणि वडिलांनी सांगितलेलं नीट ऐकून घेतलं.

बोट खाली उतरवायची होती. साहेब सुकाणूवर होते, म्हणून वरच्या झडपेचं हँडल माझ्या हातात आलं. बोट हौदात आली, वरचं दार लावलं आणि आता वरची झडप पूर्ण खाली बसवायची होती. एक खिट्टी उचलून हँडल हळूहळू उलटं फिरवायचं असतं. मी घाईत होतो. साहेबांनी भोंगा वाजवला, मी हँडल भराभर फिरवलं, ते कुठंतरी अडल्यासारखं झालं, आणि झालं काम असं म्हणून मी ते काढून घेतलं. वडील तुळईपाशी उभे होते. त्यांनी मान कलती केली. ते म्हणाले, "थांब. चार बोटं उघडी राहिलीय. पाणी बोलतंय."

"बाबा, प्लीज," मी म्हणालो, "इथं तुमचं इन्स्पेक्शन नको."

माझ्या हातातल्या हँडलकडे त्यांनी एकदा पाहिलं, मागितलं नाही. मी खालच्या बाजूला पळालो, हौद रिकामा केला, दारं उघडली. वरून गळती चालू असल्यामुळे हौद उतरायला वेळ लागत होता, हे मला आता कळतं. तेव्हा मी ते जुन्या दारांवर ढकललं. त्या कालव्यावर बाहेर पडताना खालची दारं उघडीच ठेवायची पद्धत होती, खालून येणाऱ्या बोटीला सोयीची. आम्ही तशीच ती ठेवली आणि पुढे गेलो. वडील बोटीच्या टोकाशी बसून सारखे मागे बघत होते.

सोमवारी सकाळी साहेबांनी मला वॉर्डाबाहेर गाठलं. लॉकच्या वरचं सगळं पाणी रविवार उजाडेपर्यंत वाहून गेलं होतं. तिथं बांधलेल्या बोटी चिखलात कलंडल्या होत्या, मासे मेले होते, आणि हौशी मंडळींचा अख्खा रविवार ते निस्तरण्यात गेला होता. वरची झडप थोडी उघडी सापडली. साहेबांचा आवाज चढला नव्हता. ते म्हणाले, तुळईवर तो लाल रंग अजून आहे, तुझे वडील त्याच बाजूला होते ना?

त्यांनी माझ्यासाठी पळवाट उघडूनच ठेवली होती, आणि मी त्यातून निघून गेलो. मी म्हणालो, "ते म्हातारे आहेत, सर. कालव्यातला माणूस, हात लावल्याशिवाय राहवत नाही त्यांना. आय ॲम व्हेरी सॉरी." साहेबांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. वडील म्हणजे असेच असतात, म्हणाले. मला त्या क्षणी फक्त सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर आली, तीही हप्त्याहप्त्यानं.

एक गोष्ट इथं सांगायला हवी. मी शाळेत असताना वडिलांनी एका पाटकऱ्याला कामावरून काढलं होतं. त्याच्या हातून एक दार उघडं राहिलं आणि एका चारीचं पाणी ओढ्याला गेलं. त्याची बायको आमच्या दारात येऊन रडली, आईनंही रदबदली केली. वडील म्हणाले, चुकला म्हणून नाही काढला, शेजारच्या पाटकऱ्याचं नाव घेतलं म्हणून काढला. हे मी ओसरीवर बसून ऐकलं होतं. त्यामुळे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

त्या सोमवारी संध्याकाळी वडिलांनी विचारलं, त्या झडपेचं काही कळलं का? मी म्हणालो, सगळं ठीक आहे. मंगळवारी त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. बुधवारी मी हॉस्पिटलमधून परत आलो तेव्हा घर रिकामं होतं. ते दोन बस बदलून एकटे त्या गावाला गेले होते. आले तेव्हा बुटांना घोट्यापर्यंत चिखल होता. त्यांनी बूट बाहेर काढले, हातपाय धुतले आणि जेवायला बसले.

"पाणी भरलंय परत," ते म्हणाले. मग भात कालवता कालवता, "दिलगिरी सांगून आलो."

मी विचारलं, "कसली?"

"झडप राहिल्याची." त्यांनी घास घेतला. "तुझी जागा नक्की झाली का?"

"होईल असं वाटतंय."

"मग झालं."

बायको एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होती. मला तेव्हा बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. मी वरण वाढून घेतलं. वडिलांना सगळं ठाऊक होतं, हे मला समजलं होतं, आणि मी ते ओळखलंय हे त्यांनाही. तरी आम्ही पुढचे सहा आठवडे एकाच घरात राहिलो, विमानतळावर मी त्यांच्या पाया पडलो, आणि तो विषय निघाला नाही.

जागा मला मिळाली. वडिलांचं पत्र महिन्याला येई, निळ्या हवाई कागदावर, बारीक सरळ अक्षरात. पाऊसपाणी, कुणाची लग्नं, त्यांचा गुडघा. शेवटी एक ओळ ठरलेली असायची: "कालव्यावर जाऊन आलास का?" मला वाटे, म्हाताऱ्याचा जीव अडकलाय त्या लॉकमध्ये. मी दर वेळी लिहायचो, वेळ झाला नाही. कधी चिडूनही लिहिलं असेल. पुढे मुलं झाली, मी दुसऱ्या हॉस्पिटलात गेलो, आणि वेळ खरोखरच होत नव्हता, असं मी स्वतःला पटवलं होतं. तसं पाहिलं तर ते गाव गाडीनं तासाभरावर होतं.

पाच वर्षांनी वडील गेले. तार पोचायला उशीर झाला, मला अग्नी द्यायलाही जाता आलं नाही. तेराव्यानंतरच्या रविवारी मी कुणाला न सांगता गाडी काढली आणि त्या गावाला गेलो.

लॉक आता छान झालं होतं. नवी दारं, काळापांढरा रंग, लोक आइस्क्रीम खात बोटी बघत होते. कुंकवाचा अर्थातच कुठं मागमूस नव्हता. बाई त्याच घरात होत्या, फार वाकल्या होत्या. मी कोण ते सांगितलं, वडील गेल्याचं सांगितलं. त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवलं. मग मी पाच वर्षं तोंडात धरलेलं बोललो. झडप माझ्या हातून राहिली होती, वडिलांनी मला सांगितलंही होतं, आणि नाव मी त्यांचं घेतलं.

बाई म्हणाल्या, "ठाऊक आहे मला."

त्यांनी खिडकीकडे बोट केलं. सिंकच्या वरच्या त्या खिडकीतून झडपेचं चाक समोर दिसत होतं. त्या दिवशी हँडल कुणाच्या हातात होतं, हे त्यांनी भांडी धुताना पाहिलं होतं. वडील बुधवारी आले तेव्हा हौशी मंडळींतला एक जण त्यांच्यावर फणकारला, तुमच्या डॉक्टर मुलानंच तसं सांगितलंय म्हणाला. वडिलांनी टोपी काढून त्या सगळ्यांची माफी मागितली. बाईंना ते सहन झालं नाही. त्या खरं सांगायला पुढे निघाल्या, तर वडिलांनी त्यांना हातानं थांबवलं आणि नंतर इथंच, याच खुर्चीवर बसून त्यांच्याकडून कुणाला न सांगण्याचं वचन घेतलं. मुलगा येऊन स्वतः सांगेल, म्हणाले. वर्षभरात येईल.

बाईंनी फळीवरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात ख्रिसमसची कार्डं होती, वडिलांनी पुण्याहून पाठवलेली, दर वर्षीचं एक. एकावर हत्ती होता, एकावर मोर. आत तेच बारीक सरळ अक्षर आणि तेच खलित्याचं इंग्रजी. प्रत्येकात प्रकृतीची चौकशी होती, पाण्याच्या पातळीची चौकशी होती, आणि खाली एक ओळ होती, पाचही कार्डांवर अगदी तीच. मराठीत सांगायची तर: माझा मुलगा हजर झाला किंवा कसे, ते कृपया कळवावे.

दर वर्षी वडिलांना 'नाही' असं कळवावं लागे, बाई म्हणाल्या, आणि ते कळवणं त्यांना स्वतःला फार जड जाई. मग त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि मला विचारलं, "आता मी कुणाला कळवू?"

माझ्याकडे द्यायला पत्ता नव्हता. मी त्यांच्या हातून डबा घेतला आणि फळीवर होता तिथं ठेवला.