वजनाचा रकाना

हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात तिला सगळे हेडबाई म्हणत. डेटाबेसमधल्या रकान्यांना कुणी काहीबाही नावं दिली की हिचं डोकं उठायचं. रकान्यात वजन आहे ना, मग नावातही वजन हवं, आणि ग्रॅम की किलो तेही हवं! तिच्याआधीच्या माणसानं तान्ह्या बाळांच्या वजनाच्या रकान्याला नुसतं ‘डब्ल्यू-दोन’ म्हणून ठेवलं होतं. त्या नावापायी ती कितीदा चरफडली असेल! आज सकाळी आल्या आल्या तिनं ते बदलून ‘वजन-ग्रॅम’ केलं, तेव्हा कुठे तिच्या जिवाला बरं वाटलं.

पण ते तेवढ्यापुरतंच. वर तान्ह्या बाळांच्या वॉर्डात तिची धाकटी बहीण होती, काल जन्मलेल्या लेकीला घेऊन. बाळ दिवस भरायच्या आधीच आलेलं, त्यात ताप. हेडबाईचं कामात लक्ष लागेना. बसायची, उठायची, चहा ओतून तसाच ठेवायची. शेवटी वर गेलीच.

"ताई, अजून औषध दिलं नाही गं," धाकटी रडवेली झाली होती.

नर्स वैतागून म्हणाली, "देऊ कशी? स्क्रीनवर वजनाची जागाच कोरी. त्यावरूनच तर औषध किती द्यायचं ते निघतं. सगळ्याच बाळांचं तसं झालंय. आता डॉक्टर येऊन पुन्हा वजनं करणार."

हेडबाईच्या एकदम लक्षात आलं. वॉर्डातला स्क्रीन अजून जुन्याच नावानं वजन मागत होता! नाव बदललं, पण ते कुठे कुठे वापरलंय हे बघायचंच राहिलं. अहो, ज्या हलगर्जीवरून ती इतरांना झापायची, तीच! लिफ्टची वाट बघायला धीर कुठला? ती जिन्यानं धावत सुटली. खाली येऊन ‘डब्ल्यू-दोन’ परत टाईप केलं आणि वर फोन लावला.

"आलं," नर्स म्हणाली.

ती पुन्हा वर पोचली तेव्हा बाळाचं औषध सुरू झालं होतं. धाकटीनं तिचा हात घट्ट धरला आणि नर्सला म्हणाली, "बघितलंत? माझ्या ताईनं दुरुस्त केलं."

हो म्हणून मोकळं व्हावं, असं तिला फार वाटलं. मग ती म्हणाली, "बिघडवलंही मीच. सकाळी."

धाकटीनं तिचा हात सोडला आणि बाळाकडे तोंड करून बसली.