कवडीपाटवर तिला दिसलेले चक्रवाक

मागच्या जानेवारीतला रविवार, सकाळ. बिबवेवाडीहून कवडीपाटला जाऊन-येऊन रिक्षाचे ठरवून सातशे रुपये. नदीकाठी हजर आम्ही दोघंच – मी आणि माझी पत्नी सुनंदा. रिक्षावाले वर रस्त्याला चहासाठी थांबले होते. हे आधीच लिहितो, कारण असले अनुभव कुणी सांगायला लागलं की मी पहिल्यांदा तपशील विचारतो, आणि बहुतेकांकडे तो नसतो. विश्वास वगैरे लांबच.

सुनंदाला काचबिंदू. डावा डोळा केव्हाच गेला, उजव्याला नुसता उजेड कळतो असं ती सांगायची. पूर्वी आम्ही दर हिवाळ्यात तिथे पक्षी बघायला जायचो, म्हणून तिचा हट्ट. आता काय बघणार, असं मी म्हणालो, तर म्हणे, "वास घेईन. आपल्या नदीला डोळे कशाला लागतात?"

पक्षी बघणारे दिशा घड्याळावरून सांगतात – नाकासमोर बारा, उजव्या हाताला तीन. घडीच्या खुर्चीत बसल्या बसल्या ती एकदम म्हणाली, "अहो, अकरा वाजता. चक्रवाकाची जोडी. एक लंगडतोय."

मी दुर्बीण लावली. अकराला जलपर्णी, फेस, प्लॅस्टिक… पक्षी एकही नाही. जिवावर आलं, तरी तसं सांगितलं.

"नीट बघा," ती म्हणाली.

मी दुर्बीण तशीच धरून ठेवली. आणि त्यातच वरून दोन चक्रवाक उतरले, खडकावर चढले. मागचा लंगडत होता.

आवाज ऐकला असेल, हे मीही धरून पाहिलं. पण लंगडणं ऐकू येत नाही… तेही उतरायच्या आधी.

नजर परत येतेय – आम्हा दोघांनाही दुसरा अर्थ सुचला नाही. खराडीला मुलाकडे नात झाली, ती सुनंदानं अजून पाहिलेली नाही. नाक कुणावर गेलंय ते आता मीच ठरवते, असं रिक्षात सारखं चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी खोलीत अंधार केला, टॉर्च तिच्या उजव्या डोळ्याजवळ धरला. सुनंदा ताठ बसून राहिली. मग म्हणाली, "लावा ना, डॉक्टर."

टॉर्च लागलेलाच होता.

डोळ्याची ही नस कालपरवा गेलेली नाही, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. म्हणजे रविवारी तिला उजेडसुद्धा कळत नव्हता. त्या जोडीबद्दल मी त्यांना विचारलं नाही. मला आजही त्याचा उलगडा नाही.

तपासणीचे नऊशे रुपये काउंटरवरच्या मुलीला दिले. पुढची तारीख कुठली देऊ, असं तिनं विचारलं. नको म्हटलं.