पिल्लं पांगेपर्यंत

फुलसावंगीचा तो मिस्त्री माणसांपेक्षा मशीनशी जास्त बोलतो. "काहून रुसली वं माय?" असं विचारूनच तो पाना हातात घेतो. त्या थंडीच्या सकाळी आमच्या पोल्ट्रीतला डिझेलचा हिटर सारखा विझत होता आणि गारठलेली पिल्लं एकमेकांवर चढून चेंगरत होती.

त्याने नोझल साफ केलं, हवा काढली. हिटर पेटला, पुन्हा विझला.

"दादा, नवाच आणू का?" मी विचारलं.

"मले हरू तर द्या आधी!"

मग त्याने टाकीकडून येणारी नळी सोडवून तोंडाने ओढली, डिझेल थुंकलं आणि जिभेवरचा पांढरा तंतू माझ्यापुढे धरला. टाकीचं झाकण हरवल्यावर मीच तिथे वावरातल्या कापसाचा बोळा कोंबला होता. मी मान खाली घातली.

"आमच्या घरीबी हेच करतेत," तो म्हणाला.

नळी फुंकून लावली आणि हिटर घुमू लागला. मी सुटलो. तो मात्र हिटरकडे पाठ करून पिल्लांसमोर उकिडवा बसला. चहालाही नको म्हणाला.

हळूहळू ढीग सुटला, पिल्लं दाण्याकडे पांगली. तेव्हा कुठे तो उठला.

"आता द्या पाणी. तोंडात डिझेल हाय."