निळी बोटं

माझ्या आत्याची बोटं निळी होती. मला कळायला लागल्यापासून निळीच. तिच्या शेवटच्या आठवड्यातही ती निळी होती आणि मी ती बघूनही बघितली नाहीत. हे आधीच सांगून टाकते. तिच्या चार गोड आठवणी सांगून हे शेवटी हळूच सरकवलं, तर ती लबाडी होईल.

ती माझ्या वडिलांची मोठी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत नवऱ्याने घालवून दिलं, तेव्हा अंबरनाथला शिवमंदिराच्या मागे आमच्या दोन खोल्यांत आली आणि घराचा ताबाच घेतला. आजोबा अर्धांगवायूने सात वर्षं पडून होते. त्यांचं हगणं-मुतणं तिने काढलं. मग माझी आई किडनीने आजारी पडली, तेव्हा मी चौथीत होते. आईचंही तिनेच केलं. आई गेल्यावर माझी वेणी घालणारी, मला बदडणारी आणि माझ्यासाठी शाळेत बाईंशी भांडणारी तीच. वडील कामावर जायचे, यायचे. बाकी सगळं तिच्या शब्दावर चालायचं.

उल्हासनगरच्या एका जीन्सच्या कारखान्यातून तिच्याकडे गठ्ठे यायचे. शिवून झालेल्या पँटींचे लोंबणारे दोरे कापायचे, एवढंच काम. माल न धुतलेला असायचा, त्यामुळे रंग सुटायचा आणि दुपारपर्यंत बोटं नखांसकट निळी व्हायची. "थांब, माझे निळे हात आहेत," हे वाक्य आमच्या घरात दिवसातून दहादा ऐकू यायचं. त्या हातांनी ती पिठाला शिवायची नाही आणि आजारी माणसालाही नाही. आधी लिंबाची साल, मग कपड्यांचा साबण, मग टाचा घासायची वजरी. तरी नखांच्या कडेला थोडा रंग राहायचाच.

वर्षातून एकदाच तिचे हात पूर्ण स्वच्छ दिसायचे. दिवाळीत कारखाना बंद असायचा, सेठ पाच दिवस माल पाठवायचा नाही. भाऊबीजेला ती वडिलांना ओवाळायला बसायची तेव्हा बोटं गव्हाळ झालेली असायची, कुणा दुसऱ्याच बाईची वाटायची. "ही कोण पाहुणी आली गं आपल्याकडे?" वडील दरवर्षी मला हेच विचारायचे. मग ती त्यांच्या कपाळावर जरा जोरातच बोट दाबायची.

आजारी माणूस बघण्याची तिची एक रीत होती. सकाळी खाट दाराशी, उजेडात ओढायची. माणसाचं नख दाबायची, सोडायची आणि त्यात लाली कशी परत येते ते बघत राहायची. तिला हे कोणी शिकवलं, मला माहीत नाही. आईच्या शेवटच्या सकाळी तिने नख सोडलं, बराच वेळ बघितलं आणि उठून वडिलांना म्हणाली, "आज कामावर जाऊ नको."

वडील गेल्यावर ती एकटी पडली. गेल्या वर्षी पाऊस संपल्यावर मी तिला बदलापूरला, मांजर्लीच्या माझ्या फ्लॅटवर आणलं. दोन जिने चढताना ती तीनदा थांबली.

"वय झालं, बाय," म्हणाली.

जवळच्या डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलं आणि छातीचा फोटो काढायला सांगितला. शनिवारी काढू, मी म्हटलं. तो शनिवार गेला, पुढचाही गेला.

येताना तिने एक गठ्ठा आणलाच होता. मी भडकले. "सोसायटीत माझी शोभा करतेस का? लोक काय म्हणतील?" असं मी बोलले. त्याच कामाच्या पैशांवर शिकलेली मी. तिने चार दिवसांत गठ्ठा संपवला, रिक्षाने परत पाठवला आणि कात्री कपाटावर ठेवून दिली.

"झालं तुझ्या मनासारखं?"

त्यानंतर दहा दिवसांनी, रविवारी सकाळी, मी तिची नखं कापायला बसले. बोटं निळी आणि थंडगार होती. मी लिंबाची साल आणून घासायला लागले. मला खरंच वाटत होतं की मी तिची सेवा करतेय.

"इतकी वर्षं दोरे कापलेल्या पँटी अंगात मुरल्यात तुझ्या," मी हसत म्हणाले.

ती हसली नाही. तिने हात खिडकीकडे धरला, अंगठ्याने स्वतःचं एक नख दाबलं आणि सोडलं. बराच वेळ बघत बसली. मग हात पदराखाली घेतला.

"राहू दे, बाय. घासून नाही जायचा हा."

मी साल कचऱ्यात टाकली आणि पोहे करायला गेले.

तिला कळलं होतं. मला सांगितलं का नाही, म्हणून मी अजून तिच्यावर चिडते, एकटी असले की मोठ्याने भांडते. आयुष्यभर दुसऱ्यांचं काढलं, पण स्वतःचं कोणाकडून काढून घ्यायचं तिच्या जिवावर आलं असणार. किंवा माझे शनिवार ऐकून ती कंटाळली असेल.

मंगळवारी दुपारी ती खुर्चीत बसल्या बसल्या कलंडली. हॉस्पिटलमध्ये एका तरुण डॉक्टरबाईंनी तिचा हात उचलला.

"बोटं कधीपासून निळी आहेत?"

"आधीपासूनच," मी म्हणाले. "जीन्सचं काम करते ती. रंग आहे तो."

त्यांनी अंगठ्याने आत्याचा खालचा ओठ खाली ओढला. आतून तोच रंग होता. मग त्यांनी माझ्याकडे न बघता ऑक्सिजनसाठी हाक मारली.

बुधवारी सकाळी ती गेली. "दोन-तीन दिवस आधी आणलं असतं तर," एवढं बोलून डॉक्टरबाई थांबल्या.

घरी बायकांनी तिला आंघोळ घातली. शेजारणीने आतून मला विचारलं, "लिंबू आहे का गं? हातांचा रंग काढते." मी इतक्या जोरात "नको" म्हणून ओरडले की ती बिचारी घाबरून बाहेर आली.

गठ्ठा जाऊन तेव्हा तेरा दिवस झाले होते. तिचा रंग जायला पाच दिवस पुरायचे. दर भाऊबीजेला समोर बसून मी ते बघितलं होतं.