आसेची पुडी

आईचं तोंड आलं होतं. साधा भातही झोंबतो म्हणाली. मी नेहमीसारखं डॉक्टरकडे जा म्हटलं आणि कामाचं कारण सांगून फोन ठेवला.

इथे गल्फमध्ये, सिलिकॉन ओएसिस भागात मी एकटाच राहतो. समोरच्या फ्लॅटमधले सीरियन म्हातारबाबाही दिवसभर एकटेच. मुलगा कामावर असतो. लिफ्टपाशी भेटलो की आम्ही गरजेपेक्षा जास्त बोलतो. त्यांना आईचं सांगितलं, तर घरातून एक पुडी घेऊन आले. मिरीहून जरा मोठी, सुरकुतलेली काळी फळं. त्यांच्याकडे डोंगरउतारावर याची झुडपं असतात. फळं उकळून, गाळून, ते पाणी गार झालं की त्यानं गुळण्या करायच्या; पोट बिघडलं तर तोच काढा थोडा प्यायचा; पानांच्या पाण्यानं बायका केस धुतात. नाव विचारलं, तर म्हणाले, आस. मी पुन्हा विचारून खात्री केली.

आम्हा गल्फवाल्यांचं बरं असतं. आपल्याला गावी जायचं नसलं तरी कुणीतरी जात असतंच. बदाम, बाम, खजूर. गेली काही वर्षं माझ्याऐवजी आईला हेच भेटत आलंय. ऑफिसमधला एक रत्नागिरीकर शुक्रवारी निघणार होता. मीटिंगमधूनच आईला मेसेज टाकला, "शुक्रवारी आस पाठवतोय."

संध्याकाळी तिचा फोन आला.

"आस कसली पाठवतोस? ती आहे की माझ्याकडे भरपूर. तू ये."

मी हसून समजावलं, अगं, ते फळाचं अरबी नाव आहे. मग तीही हसली.

"हसवू नको रे, तोंड दुखतं." मग म्हणाली, "बरं. पाठव."

ते 'बरं' मला पुडीपेक्षा जड गेलं. कारण रजा शिल्लक होती. तिला त्या घरात एकटं सोडून परत निघणं मला झेपत नाही, म्हणून मी जाणंच टाळत आलोय. हे तिला कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी म्हातारबाबांनी विचारलं, औषध पाठवलं का. मग सहज म्हणाले, आमच्याकडे ईदच्या सकाळी कबरीवर आसेच्या हिरव्या फांद्या ठेवतात. त्यांची आई तिकडेच आहे. बऱ्याच ईद झाल्या, त्यांना जाता आलेलं नाही. माझी आई तीन तासांच्या विमानावर आहे आणि माझीच वाट बघतेय, हे त्यांना सांगायला माझी जीभ उचलेना.

रत्नागिरीकराला म्हटलं, पुडी राहू दे. त्यानं विचारलं नाही का ते.

रजा मागायला गेलो, तर मॅनेजरनं कारण विचारलं. आईला माउथ अल्सर झालेत, म्हणालो. तो स्क्रीनवरून नजर काढून माझ्याकडे बघत राहिला.

"एवढ्यासाठी इंडियाला?"

मी हो म्हणालो.